चमचावाल्या आजींचा अबोला

सासूबाई सरकारी दवाखान्याच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं होत्या. गरम चादरी बाहेर काढायच्या, झटकायच्या, घड्या घालून वॉर्डावॉर्डांत पोहोचवायच्या. निवृत्त झाल्यावर माणूस चार दिवस तरी पाय पसरून बसतं. या मात्र तिसऱ्याच दिवशी पुन्हा दवाखान्याच्या दारात हजर. जनरल वॉर्डात ज्यांचं कोणी येत नाही, अशांना दुपारचं जेवण भरवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. दवाखान्याचा चमचा मोठा, बोळक्या तोंडात मावायचा नाही. म्हणून त्या घरातला छोटा चमचा रुमालात गुंडाळून नेत. तेव्हापासून त्या सगळ्यांच्या चमचावाल्या आजी झाल्या.

सुनेला सुरुवातीला याचा राग यायचा. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. दिवसभर मान मोडून घरी यावं, तर भांडी तशीच पडलेली आणि सासूबाई वॉर्डातून आल्या त्या थकून आडव्या झालेल्या. तिनं कुरकुर केली की नवरा हसून म्हणायचा, "आई हवी असेल तर वॉर्डात भरती व्हायचं. घरात राहून तिची भेट होत नाही."

पुढे त्याची बहीणच तिथे भरती झाली. त्यानंतर हा विनोद घरात पुन्हा कुणी केला नाही.

नणंद सदतीस वर्षांची होती. मूत्रपिंडं निकामी झाली होती. वरच्या मजल्यावर तिचा पलंग होता आणि अकरा दिवस सासूबाई तिच्या उशापासून हलल्या नव्हत्या. बाराव्या दिवशी दुपारी सून कारखान्यातून सुट्टी काढून आली, तेव्हा लेकच आईला म्हणाली, "आई, खाली जाऊन ये. तुझी ती खिडकीजवळची म्हातारी उपाशी बसली असेल."

"बसू दे. भरवेल कोणी तरी."

"कोण भरवतंय? जा तू. वहिनी आहे ना इथे."

सासूबाई गेल्या. वीस-पंचवीस मिनिटांत परत आल्या, तर पलंगाभोवती हिरवा पडदा ओढलेला आणि सून पडद्याच्या बाहेर उभी. त्यांनी काही विचारलं नाही. सुनेच्या हातातली लेकीची शाल घेतली, चादर घडी करावी तशी नीट घडी केली, आणि मग भिंतीला टेकून खाली बसल्या.

लेक गेल्याच्या आठव्या दिवशी त्या पुन्हा वॉर्डात गेल्या. त्यांच्या प्रार्थनामंडळातल्या बायका म्हणाल्या, "काय श्रद्धा म्हणायची ही. दुसरी असती तर कोलमडली असती." सुनेनंही मान हलवली. पण हळूहळू एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आधी सासूबाई रोज सकाळी कोपऱ्यातल्या पाटावर बसून देवाशी चक्क गप्पा मारायच्या. अमक्या पेशंटचा ताप उतरव, शेजारणीची जीभ जरा आवर, असं मोठ्यानं. आता त्या बसायच्या तशाच, तेवढाच वेळ, पण ओठ हलत नव्हते.

दोन वर्षं सून गप्प राहिली. एका सकाळी न राहवून तिनं विचारलं, "आई, तुम्ही हल्ली मनातल्या मनात म्हणता का?"

"नाही. म्हणतच नाही काही."

"म्हणजे देवावरचा विश्वास उडाला?"

"विश्वास कशाला उडेल? तो आहे की. पण आमचं बोलणं बंद आहे." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आणि हे मंडळातल्या बायकांना सांगत सुटू नकोस. त्यांचा जीव उगाच थोडा थोडा होईल."

सुनेला हसू आलं. "मग वॉर्डात का जाता?"

"वॉर्डातल्यांशी कुठं भांडण आहे माझं?"

त्या दिवसापासून सुनेनं भांड्यांवरून कुरकुर केली नाही.

असा अबोला चौदा वर्षं चालला. शेवटी सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा निम्मी गेली. मंडळातल्या बायका प्रार्थना करायला घरी आल्या. सुनेनं त्यांना दारात थोपवलं आणि आत जाऊन कानाशी विचारलं, "नको म्हणून सांगू का?" सासूबाई अडखळत बोलल्या, "म्हणू दे. लांबून आल्यात." बायका म्हणत राहिल्या. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. नऊ दिवसांनी, दुपारच्या चहाच्या सुमारास त्या गेल्या.

शोकसभेला सभागृह भरलं होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, एवढा घाव बसूनही देवाशी यांचं नातं तसूभर ढळलं नाही. नवऱ्यानं डोळे पुसले. सुनेला दोन शब्द बोलायला उठवलं. खरं काय ते सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "वॉर्डात भरवायला आता कोणी नाही. कुणाला जमत असेल तर बघा." खुर्च्या सरकल्या, पिशव्या आवरल्या गेल्या. दोघींनी नाव दिलं. त्यातली एक आठवडाभर गेली.

मग सून स्वतः गेली. सुट्टीचा दिवस होता. वॉर्डातला तो वास, ओली गादी, कुणाचं तरी एकसुरी कण्हणं. एका म्हाताऱ्यापुढे तिनं घास धरला, तर त्यानं तोंड फिरवलं.

"त्या कधी येणार?"

"त्या नाही येणार, बाबा. मी त्यांची सून."

त्यानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि तोंड काही उघडलं नाही. ती ताट स्टुलावर ठेवून उठली. परिचारिकेला "पुढच्या सुट्टीला येते" म्हणाली. पुढच्या सुट्टीला कारखान्यात जादा काम निघालं. त्याच्या पुढच्या सुट्टीला काहीच निघालं नाही, तरी ती गेली नाही. हल्ली ती कामावर जाताना गोदामांच्या मागच्या रस्त्यानं जाते. तो लांबचा पडतो, पण त्या वाटेवर दवाखाना लागत नाही.