मंदाचं दुसरं झबलं

मुलांनो, तुमची मंदामावशी गेली त्याला महिना होत आला. इतक्या दूर तुम्हाला नुसती तार पोचली... ती कशाने गेली हे तुमच्या आईच्याने सांगवणार नाही, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते. हा आजार तुमच्या आजोबांकडून आला आहे. तुम्हाला तो माहीत असायलाच हवा.

आजोबा अमरावतीत वकिली करत. त्यांना शौचावाटे रक्त पडायचं, आम्ही मूळव्याध समजून वैद्यांची चूर्णं देत राहिलो. ते गेल्यावर काही वर्षांनी मंदालाही तसंच होऊ लागलं. मुंबईच्या सर्जननी सांगितलं, आतड्यात आतून असंख्य कोंब आलेत, आणि हे वंशातून येतं. त्यांनी मोठं आतडं काढलं, शेवटचा थोडा भाग ठेवला, आणि तो दर वर्षी दाखवून जायला बजावलं.

पुढे ती लग्न होऊन अकोल्याला गेली. दिवस राहिले तेव्हा पोटावर दोन उंचवटे दिसू लागले. तिच्या सासूबाई हरखल्या. "जुळे हायेत, विहीणबाई! मी सांगून ठेवते." जन्माआधी नवं कापड आणायचं नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या जुन्या, मऊ लुगड्याची दोन झबली शिवली. मंदा त्यांना चिडवायची, "तुमचा दुसरा नातू लय आळशी हाये, आत्याबाई. हालतच नाही!"

लेडी डॉक्टरांनी पोटाला हात लावला, पुन्हा एकदा चाचपून पाहिलं... ती गाठ होती, ऑपरेशनच्या व्रणाजवळ, स्नायूत धरलेली. "गर्भारपणात ही वाढू शकते. बाळंतपणानंतर कधी बसते, कधी नाही. मी शब्द देऊ शकत नाही." मंदा एवढंच म्हणाली, "मले बाळ पाहिजे."

एकच मुलगी झाली, आपली शकू, सुखरूप. गाठ हळूहळू आक्रसली, पुढे बोटांना लागेनाशी झाली. सासूबाईंनी देवीची ओटी भरून नवस फेडला. "आता कायले जातं मुंबईले? गाठ तर गेली!" आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. आमची सारी भीती त्या गाठीपाशी होती. ठेवलेल्या आतड्यात कोंब पुन्हा येत होते, तिकडे कुणी पाहिलं नाही. कळलं तेव्हा त्या कोंबांचा कॅन्सर झाला होता.

शेवटच्या आठवड्यात तिने माझा हात धरला. "शकूले मुंबईले नेत जाजो, आई. गाठ नसली तरी."

तुम्हीही तिथल्या डॉक्टरांना हे सारं सांगा, तपासून घ्या.

शकूने आपलं झबलं घालून घालून फाडलं. दुसरं माझ्या ट्रंकेत आहे, कुणी न घातलेलं.