मागं ट्रॉली नव्हती

उन्हानं तापलेल्या चामडी सीटचा वास आला की मला कुपवाडचं ते जुन्या गाड्यांचं आवार आठवतं. घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून बोलणी माझ्याकडं होती, पण गाडी घ्यायची होती आईसाठी. वडील फौजेत असताना शेतातला ट्रॅक्टर तिनंच चालवला होता. मोटारीचं लायसन मात्र पन्नाशीत, महिन्यापूर्वीच हातात पडलं होतं. तिला आवडली ती काळी, लांबलचक, चौदा वर्षं जुनी परदेशी गाडी, भिंत आणि दोन गाड्यांच्या मधे अडकवलेली. "मावशी, ही तुमास्नी झेपायची न्हाई. इथनं काढून दाखवा, मगच बोलू," विकणारा म्हणाला. मी छोट्या गाड्यांकडं वळलोसुद्धा. आई म्हणाली, "चावी आण रं इकडं." तिनं रिव्हर्स टाकला आणि स्टिअरिंग भलतीकडंच फिरवलं. शेजारच्या गाडीपासून वीतभर अंतरावर ब्रेक लागला. विकणाऱ्यानं डोक्याला हात लावला, तर आई काच खाली करून हसायला लागली, "आरं, मागं उसाची ट्रॉली न्हाई, ह्येच इसरले! ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवाय लागतंय." मग एका दमात, कुठंही न घासता तिनं ती गाडी बाहेर काढली. "मावशी, आमच्या ड्रायव्हरला बी ह्ये जमत न्हाई," विकणारा म्हणाला. सौदा झाला आणि घरापर्यंत आईच गाडी चालवत आली. आजही तीच चालवते. शेजारी मी, बी.कॉम., बिनलायसनचा, ऐटीत बसतो आणि ती रिव्हर्स घेताना तेवढं विचारतो, "आई, मागं ट्रॉली न्हाई न्हवं?"