पांढरं काही दिसणार नाही

“पोरीनं ऐकलं गो आपलं. धूर बंद केला.”

कारखान्याच्या मागच्या कुंपणापलीकडे सुमन मावशी शेजारणीला सांगत होत्या. मी अलीकडे नळावर डबा धूत होते. त्यांना मी दिसले नाही, आणि मी पुढे झाले नाही. ‘पोर’ म्हणजे मी. त्या वाक्यात काय खोटं होतं ते मी एक माणूस सोडून कोणालाही सांगितलेलं नाही — आचोळ्याला घरी नाही, मैत्रिणींना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. बहुतेक म्हणूनच जमतंय.

आमचा कारखाना चिंचोटीच्या बाजूला. भट्टीच्या धुरात गंधकाचा विषारी वायू असतो. तो तसाच सोडायचा नसतो, म्हणून एक उंच टॉवर आहे. त्यात खालून धूर चढतो, वरून कॉस्टिक सोडा घातलेल्या पाण्याचे बारीक फवारे पडतात. थेंब तो वायू धरून खाली नेतात. वरून बाहेर पडते ती बरीचशी वाफच — पांढरी, दाट, लांबून दिसणारी. फवारे बंद केले तर ती वाफ जाते. वायू तसाच बाहेर पडतो, फक्त दिसत नाही.

मागच्या वस्तीतल्या बायका तक्रार घेऊन आल्या — पांढरा धूर बंद करा. प्रदूषणाचं काम माझ्याकडे, म्हणून साहेबांनी मला गेटवर पाठवलं. मला सगळं समजावता येत होतं — इंग्रजीत. मराठीत मी अडखळले. तो धूर नाही, वाफ आहे, एवढंच कसंबसं म्हणाले. एक जण म्हणाली, “वाफ? मंग वर भात शिजवता काय, मॅडम?” सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या. मी मान खाली घालून आत आले.

एवढंच झालं होतं. कोणी शिवी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन नीट सांगता आलं नसतं का? आलं असतं. त्यांना आत आणून टॉवर दाखवता आला असता. पण पुन्हा त्या गेटवर, त्या हसण्यासमोर उभं राहायचं — मला ते नको होतं. साहेब विचारत होते, आता काय करायचं? आणि मी म्हणाले — हळू आवाजात, पण एकदाही न अडखळता — की फवारे बंद केले तर पांढरं काही दिसणार नाही.

तपासणीला कोणी आलं तर चालू करू, साहेब म्हणाले. हुशार आहेस, असंही म्हणाले. मला — खोटं कशाला बोलू? — बरं वाटलं.

मावशींचा मोगरा कुंपणाला लागूनच होता. पहाटे कळ्या खुडून त्या बाजारात नेत, त्यावरच घर चाले. धूर थांबवला म्हणून त्यांनी मला गजरा आणून दिला. मी तो माळला. हो, माळला.

मग मोगऱ्याच्या पानांवर फिकट डाग पडू लागले. कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. मावशींनी हाक मारून एक पान माझ्या हातात दिलं. “तू शिकलेली हायस. बघ ना गो, काय झालंय.”

मी पान उलटसुलट करून पाहिलं. पाहण्यासारखं काय होतं? डाग कशाचे ते मला हातात घेताक्षणी कळलं होतं.

“पाणी जास्त होतंय बहुतेक,” मी म्हणाले. चांगल्या मराठीत.

त्यांनी पाणी कमी केलं. रोपं आणखी सुकली. आपल्याच हातानं मोगरा घालवला, असं त्या वस्तीत सांगू लागल्या. नवरा त्यावरून त्यांना टाकून बोलायचा. माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचं. मी खिडकी लावून घ्यायचे. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्या खिडकीची वाटते.

गेल्या आठवड्यात मावशी रोपं उपटत होत्या. मी कुंपणापाशी गेले — का गेले, ठाऊक नाही. मुळांची माती झटकत त्यांनी वर पाहिलं. पुढच्या टायमाला पानी बेतानं घालीन, म्हणाल्या, वर मलाच हसून दाखवलं.

“मावशी,” मी म्हणाले, “पाण्यानं काही झालं नाही. आमचा वायू अजून सुटतोच आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही. आणि तो असा सोडायचं मीच सुचवलं होतं.”