मधला टोप

दस्तगीरचाचांनी मला सोलापुरात उभं केलं. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. पुढचं वाचून तुम्हाला माझी किळस येईल, तेव्हा निदान एवढं तरी वर लिहिलेलं असावं — की त्या माणसानं मला रस्त्यावरून उचलून छपराखाली नेलं. आणि मी त्यांचं काय केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गावी आईला पत्र लिहिते, त्यात नाही. देवापुढे उभी राहते, हात जोडते, आणि दुसरंच काहीतरी मागून परत येते.

मी देवगडकडची. शाळा सातवीत अर्ध्यावर सुटली. लग्न होऊन सोलापुरात आले — नवरा गिरणीत बदली कामगार होता. चौथ्या महिन्यात तो मुंबईला काम बघून येतो म्हणून गेला, तो गेलाच. घरमालकिणीनं खोली रिकामी करायला लावली. मी पत्र्याची ट्रंक घेऊन स्टेशनाबाहेर टांग्यांच्या रांगेपाशी दगडी कडेवर बसले. घरी जायचं तर कुठे गाडी बदलायची तेही ठाऊक नव्हतं. आणि जाऊन सांगणार काय?

चाचा एका बंगल्याचे मोतद्दार. साहेबांचा एक घोडा, एक तट्टू आणि घरचा टांगा, सगळं त्यांच्याकडे. पाहुण्यांना सोडायला सकाळपासून स्टेशनावर खेपा घालत होते. परत निघताना माझ्यापाशी थांबले. "सकाळपास्नं बघतोय, बेटी. गाडीची वाट बघनारं मानूस असं बसत न्हाय." एवढंच बोलले. ट्रंक उचलून टांग्यात ठेवली. बंगल्यावर बाईसाहेबांना लेकराकडे बघायला बाई हवी होती. त्यांनी विचारलं, "ही कोण? कुठली? भरवशाची आहे का?" चाचा म्हणाले, "हिचा भरोसा मेरे पास, बाईसाब."

हिचा भरोसा मेरे पास. ते शब्द मी विसरू शकले असते तर?

लेकराचं नाव राजू. मी आले तेव्हा जेमतेम चालत होता. बाईसाहेबांची आधीची दोन मुलं राहिली नव्हती, म्हणून राजूचं जावळ तिसऱ्या वर्षी तुळजापूरला आईसमोर उतरवायचं असा नवस होता. तोवर कात्री लागायची नाही. केस काय दाट — मी रोज सकाळी तेल घालून मागे वेणी घालायची, आणि तो माझ्या गुडघ्यांत मान अडकवून ओरडायचा. डोक्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता! परक्या गावात एक जीव असा होता, ज्याला मीच लागत होते.

साहेबांना हौस, की पोरगा तीन वर्षांचा झाला की तट्टावर बसला पाहिजे. साहेबांचे वडील तसे बसले होते म्हणे. बाईसाहेब घाबरल्या. त्यांनी अट घातली — डोक्याला टोप पाहिजे, घोडेस्वार घालतात तसा टणक. एवढ्याशा पोराचा टोप सोलापुरात कुठे मिळणार? मग त्यांचे पुण्याचे भाऊ तीन टोप घेऊन आले. कॅम्पातल्या दुकानातून बघायला म्हणून आणलेले; एक ठेवायचा, दोन दुसऱ्या दिवशी त्यांनीच परत न्यायचे. बाहेरून काळी मखमल, आतून कडक, हनुवटीखाली चामड्याचा पट्टा. स्वयंपाकाच्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, "आगं बया, पोराच्या डोक्यावर मखमली पातेलं व्हय? आमची पोरं तर म्हशीवर उघडीच बसत्यात की!" सगळे हसले. राजूही हसला.

बाईसाहेब मला म्हणाल्या, "तूच बघ गं. तुझ्याशिवाय तो डोक्याला हात लावू देत नाही."

तर निवड माझी होती. हे मला नीट सांगायचंय. कुणी माझ्यावर लादलं नव्हतं.

चाचा अंगणात उभे होते. तरुणपणी फौजेत त्यांनी घोडे सांभाळलेले, त्यांना यातलं कळत होतं. त्यांनी सगळ्यात लहान टोप उचलला. म्हणाले, "जावळ उतरनार हाय, बेटी. वेणी सोड, केस दाबून बसव. टोप हलवला की भुवई हलली पायजे. तंग लगा तो अच्छाच है. रोया तो रोने दे."

मी तो लहान टोप घातला. भुवई हलली. आणि राजू असा रडला — केस ओढले गेले असतील, कान दुमडला असेल — की बाईसाहेब आतून धावत आल्या. "काय केलंस गं त्याला?"

एवढंच म्हणाल्या. साधा प्रश्न होता, आईनं विचारावा असा. पण मला स्टेशनाबाहेरची ती दगडी कड आठवली, ट्रंक आठवली. मी घाईघाईनं लहान टोप काढला आणि मधला घातला. वेणीवर तो छान बसला. राजू गप्प झाला, आरशात बघून खिदळला. मी म्हटलं, "हाच बरोबर आहे, बाईसाहेब." चाचा काही बोलायला पुढे आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले दोन टोप पुण्याच्या गाडीनं परत गेले.

इथवर चूक म्हणता येईल ना? माणसाचा अंदाज चुकतो. इथं थांबता आलं असतं तर मी ही पानं लिहिलीच नसती.

महिन्याभरानं तुळजापूरला जावळ उतरलं. परत आल्यावर मी दार लावून त्या गुळगुळीत डोक्यावर टोप ठेवून पाहिला. तो फिरला. उतरंडीवरचं मडकं फिरावं तसा गोल फिरला. पट्टा शेवटच्या भोकात घातला तरी हनुवटीखाली माझी दोन बोटं जात होती.

तेव्हा जाऊन सांगायचं होतं. बाईसाहेब रागावल्या असत्या का? मला नाही वाटत. भावाला पत्र टाकलं असतं, लहान टोप आला असता. पण मला वाटलं, म्हणतील — एक काम सांगितलं, तेही धड नाही. मग मी माझ्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला, त्याची जाड पट्टी केली आणि टोपाच्या आतल्या अस्तराला हिरव्या दोऱ्यानं टाके घालून बसवली. टोप बसला. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं — हेही खरं. चाचा रोज संध्याकाळी तट्टू अंगणात फिरवायचे, आणि राजू वर बसून "चल चाचा, चल चाचा" करायचा.

उन्हाळा लागला. सोलापूरचं ऊन! घामानं पोराच्या डोक्याला पुरळ आलं. त्या दिवशी सकाळी मी पट्टीचे टाके उसवले, ती धुतली आणि मागच्या दोरीवर वाळत घातली. संध्याकाळपर्यंत परत शिवीन म्हटलं. पण साहेबांकडे पाहुणे आले, आणि चारच वाजता साहेबांनी हाक दिली — राजूला तयार करा, मंडळींना बघायचंय.

पट्टी वाळली होती. मागच्या दोरीवर होती, वीस पावलांवर. सुई दोऱ्यासकट माझ्या खोलीत होती. किती वेळ लागला असता? पण पाहुणे ओसरीवर बसलेले. त्यांच्यासमोर सुई घेऊन टोप शिवायला बसायचं म्हणजे सगळं सांगायचं. मी टोप तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला. पट्टा ओढला.

चाचांनी राजूला खोगिरावर बसवलं. टोपाला हात लावायला त्यांनी हात उचलला, तर राजू "नको नको" करून माझ्याकडे वळला — डोकं त्यानं माझ्यासाठीच ठेवलेलं. चाचांनी हात मागे घेतला. मला विचारलं, "टोप बराबर बैठा ना, बेटी?"

मी म्हटलं, "हो चाचा. बसलाय."

हे ते तीन शब्द. बाकी सगळं सांगत मी इतका वेळ याच्याच अवतीभवती फिरत होते.

दुसऱ्या फेरीत साहेब म्हणाले, जरा पळव की. तट्टू दुडक्या चालीनं निघालं, आणि टोप पुढे घसरून राजूच्या डोळ्यांवर आला. त्याला अंधार झाला. त्यानं घाबरून दोन्ही हात सोडले, टोप वर ढकलायला. चाचा डाव्या अंगाला दोर धरून धावत होते. तो उजवीकडे पडला. टोप आधी पडला. मग तो. डोक्याची डावी बाजू अंगणातल्या हौदाच्या कडेवर.

मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. मला सगळं दिसलं. चाचांना दिसलं नसेल, तेवढंही मला दिसलं.

साहेबांनी पाहुण्यांसमोर चाचांच्या थोबाडीत मारली. वयानं त्यांच्या वडिलांसारखा माणूस. "दोर ढिला सोडलास? झोपला होतास?" चाचांनी खाली पडलेला टोप उचलला होता. त्यांनी आत बोट फिरवलं. आत मी उसवलेल्या टाक्यांचे हिरवे धागे लोंबत होते. त्यांनी ते पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं असेल? मला बोलायला तेवढा वेळ पुरला असता.



चाचा म्हणाले, "मेरीच गलती है साब. हाथ सैल पडला."

राजू वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान गेला. तो कायमचा. त्याच संध्याकाळी चाचांना काढलं. किती वर्षं होते ते तिथं, मला मोजताही येत नाहीत. ते एक कांबळं आणि घोडा घासायचा खरारा घेऊन फाटकातून गेले. मी त्या वेळी मागच्या दोरीवरची हिरवी पट्टी काढून पोलक्यात लपवत होते. तट्टू महिन्याभरात विकलं. आणि मी? मी राहिले. मी राजूपाशी रात्रंदिवस बसले, म्हणून बाईसाहेबांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, "तू होतीस म्हणून माझं लेकरू आहे." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, विनय.

आता राजू आठ वर्षांचा आहे. मी नेहमी त्याच्या उजव्या बाजूला चालते. बंगल्यात सगळ्यांना वाटतं, कोकणातली बाई किती जपते. शाळेत कुणी कानाचं विचारलं की तो सांगतो, "आमच्याकडे एक म्हातारा होता, त्यानं मला घोड्यावरनं पाडलं." माझ्यादेखत सांगतो. मी त्याच्या दप्तराचा पट्टा नीट करत असते.

चाचा होटगीला लेकीकडे आहेत. होटगी काही लांब नाही, पॅसेंजरनं एक स्टेशन. गेल्या वर्षी मी एकदा गेले. फलाटावर उतरले, रेल्वे फाटकापाशी एका पोराला विचारलं. तो म्हणाला, "घोडेवाले बाबा व्हय? हितंच की, त्या लिंबाखाली. पर त्यांस्नी आता दिसत न्हाय." मी लांबून पाहिलं. बाजेवर बसले होते. कुणाची तरी बकरी जवळ आली होती, तिच्या पाठीवर हात फिरवत होते — खरारा करावा तसा, मानेपासून खाली. मी पंधरा पावलं लांब होते. त्यांना दिसत नव्हतं. हाक मारली असती तर आवाज ओळखला असता, म्हणून मी खोकलेसुद्धा नाही. परतीच्या गाडीनं आले.

म्हणजे बघा, मारायला साहेब नव्हते, बघायला पाहुणे नव्हते. तरी मी तशीच. मग भीती कुणाची होती? मला वाटतं, मी अशीच आहे. एवढंच सापडतं शोधल्यावर.

हिरवी पट्टी माझ्या ट्रंकेत आहे. तिला सुईची भोकं आहेत, मी ती मोजलेली आहेत.

चाचा, हे मी फेडीन. एक दिवस राजूच्या उजव्या बाजूला बसून, त्याच्या चांगल्या कानात सांगीन — चाचांनी तुला पाडलं नाही. टोप मी बसवला होता. मग त्याचा हात धरून त्याला होटगीला, लिंबाखाली आणीन, आणि तो तुमच्या हातात देईन. तुम्ही काही बोलू नका. हे मी फेडीन.