सात नवे आणि अधांतरी पाय

माझ्या मोठ्या दिरांइतका संतापी माणूस अख्ख्या जबलपुरात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्यावर माझ्याइतकी संतापलेली बाईसुद्धा दुसरी नसेल. नुसती चिडकी माणसं मला चालतात, माझ्या नागपूरच्या माहेरी सगळी तशीच आहेत. पण भाऊजींचा राग एकाच गोष्टीवर आहे, की लोकांना पाढे येत नाहीत. महागाई, खड्डे, वीज जाणं, कशाचंच त्यांना काही वाटत नाही. सदर बाजारातल्या दुकानातल्या शिकल्यासवरलेल्या मुलानं बारा पंचे काढायला मोबाइल हातात घेतला, की मात्र यांची कानशिलं तापतात. मग ते त्याला तिथंच हिंदीत झाडतात, घेतलेलं सामान काउंटरवर ठेवतात आणि रिकामी पिशवी हलवत घरी येतात. त्या दिवशी आम्ही गुळाचा चहा पितो, कारण मी त्यांना साखर आणायला पाठवलेलं असतं.

नणंदेच्या मुलीला बघायला मुलगा आला होता, इंजिनिअर, पुण्यात चांगली नोकरी. पोह्यांची बशी त्याच्या हातात देता देता भाऊजींनी त्याला एकोणिसाचा पाढा विचारला. त्याला वाटलं गंमत चालली आहे, म्हणून तो हसला. भाऊजींनी बशी सोडलीच नाही. एक कड यांच्या हातात, एक त्याच्या, आणि मुलाची आई छताच्या पंख्याकडे बघतेय. शेवटी नणंदबाईंनी मध्ये पडून बशी सोडवली. लग्न झालं, पण तो जावई आजही आमच्या दारात आला की आधी विचारतो, मोठे मामा आहेत का आत.

भाऊजी संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाले. जाऊबाई गेल्यापासून मागच्या गल्लीत एकटेच राहतात. मूलबाळ नाही. रोज संध्याकाळी ते मदन महल भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी यायचे, ते माझ्या मिनूसाठी. मिनू तिसरीत. शाळा इंग्रजी, खेळणं-भांडणं हिंदीत, मराठी तिला नुसती समजते. भाऊजींनी तिला पाढे शिकवले ते जिन्यात. एका पायरीला एक ओळ. ते म्हणणार, "सात नवे," मग दोघांनी एकेक पाय उचलायचा, आणि मिनूनं "त्रेसष्ट" म्हटल्याशिवाय कुणी टेकवायचा नाही. आवाज बारीक निघाला तर लगेच, "जोरात. ऐकू नाही येऊन राहिलं." एकदा गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन त्यांच्यामागे अडकला. "चाचाजी, निकलने दो," म्हणून गयावया करू लागला, तर यांनी सात नवे त्यालाच विचारलं. मी वरून ओरडत होते आणि माझी पोरगी एका पायावर उभी राहून खदाखदा हसत होती. तिच्या तोंडून मराठी निघायची ती एवढीच, पाढ्यांपुरती.

मग एक दिवस वर्गात बाईंनी तिला विचारलं, सेवन नाइन्स. मिनू उभी राहिली, तिनं एक पाय उचलला आणि मनातल्या मनात सात एके सातपासून निघाली. वर्ग हसायला लागला. बाईंना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. त्यांनी तिला तास संपेपर्यंत तसंच उभं ठेवलं. घरी येऊन तिनं दप्तर फेकलं आणि म्हणाली, "मम्मी, मैं अब स्कूल नहीं जाऊँगी." दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्यानंतर रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. त्या बाईंना जाऊन मी जे सुनवायचं ते सुनावलं, आणि उरलेला सगळा राग भाऊजींसाठी राखून ठेवला.

त्यांना मी दारातच अडवलं. म्हटलं, "बास झालं भाऊजी. तुमच्यापायी पोरगी शाळेत जाऊन नाही राहिली. आता पाढे मी घेईन, इंग्रजीत, बसून."

मला वाटलं होतं, भांडतील. मी तयारीत होते. ते एवढंच म्हणाले, "इंग्रजीतबी सात नवे त्रेसष्टच असते न?"

"असते."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि जिना उतरून गेले. भांडले असते तर मला निदान जेवण तरी गेलं असतं.

मी पाढे घेतले, बसून. मिनू हळूहळू शाळेत जायला लागली, न चुकता उत्तरं द्यायला लागली. मी केलं ते बरोबरच केलं, हे मी आजही कुणाला सांगेन. पण भाऊजी यायचे थांबले. आमच्या यांच्याकडून निरोप आला, गुडघे दुखतात. ज्या माणसानं अर्धं आयुष्य एका पायावर काढलं, त्याचे गुडघे नेमके आत्ताच दुखायला लागले. घरात आता सगळं हिंदी नाही तर इंग्रजी. मिनू माझ्याशीसुद्धा हिंदीतच बोलते.

काही महिन्यांनी ते आले, खोव्याची जलेबी घेऊन. परक्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. इंग्रजी शब्द जपून उचलत त्यांनी मिनूला विचारलं, "सेवन नाइन्स किती, बेटा?"

"सिक्स्टी थ्री," ती चित्र रंगवता रंगवता म्हणाली, मान वर न करता, अगदी बारीक आवाजात.

"बरोबर," ते म्हणाले. जोरात म्हण, असंही म्हणाले नाहीत. इतकं मऊ "बरोबर" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि मला त्यांचा असा राग आला की चहात साखर घालायची राहिली. तो बिनसाखरेचा चहा त्यांनी मुकाट्यानं प्यायला आणि ते निघाले.

मी दारात उभी होते. दोन-तीन पायऱ्या उतरल्यावर, सवयीनं, स्वतःशीच ते म्हणाले, "सात नवे." पाय उचलला गेला. कठडा धरून ते तसेच उभे. मिनू माझ्या मागे येऊन थांबली होती. तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. ती माझ्याकडे बघायला लागली.

"त्रेसष्ट," मी म्हटलं.

पाय टेकला नाही. मागे न वळता ते म्हणाले, "जोरात. ऐकू नाही येऊन राहिलं."

मी ओरडले. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, कुणीतरी डोकं बाहेर काढलं. भाऊजींनी पाय टेकवला आणि आणखी एक पायरी उतरून पुन्हा उचलला, माझी वाट बघत. मिनूनं माझा पदर ओढून विचारलं, "मम्मी, अब क्या बोलना है?" मला इतकं रडू आलं, की सात दाहे किती ते तिला सांगताच येईना.