गोदूबाईच्या मांडवातलं नेट

सुकापुरात राहायला आले तेव्हा गोदूबाईच्या आवाजाचा मला वैताग यायचा. भल्या पहाटे ती ओट्यावर उभी राहून पलीकडच्या गल्लीतल्या भामाला हाक मारायची आणि वरच्या मजल्यावर माझी झोप उडायची. चारी बाजूंची भातशेती जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या, तरी हिने आपलं घर काही बिल्डरला दिलं नाही. वर एक मजला चढवला आणि तो मला भाड्याने दिला. मी तोंडाने काही कमी नाही. पाण्याच्या मोटारीवरून आमची चांगली जुंपली होती. भांडणात ती जिंकली आणि संध्याकाळी सुक्या जवळ्याची वाटी वर पाठवली. अशा बाईशी वैर धरणंसुद्धा कठीण.

गोदूबाई धवलारीण. आगरी लग्नात भटजी मंत्र म्हणतो ते म्हणतोच, पण धवलारणीने धवले गायल्याशिवाय लग्न लागलं असं इथली जुनी माणसं मानत नाहीत. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ. ती एक ओळ म्हणते, बाकीच्या बाया ती उचलून धरतात. गोदूबाईने पंचक्रोशीतल्या किती पोरींची पाठवणी केली असेल, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. एका पोरीची मात्र राहिली होती. ती तिची नात, कोमल. कोमलची आई लवकर गेली, म्हणून तिला आजीनेच वाढवलं. पोरगी शिकून नर्स झाली, जर्मनीत नोकरीला लागली आणि तिथेच काम करणाऱ्या निनादशी तिचं जमलं. लग्न मे महिन्यात, इथे, घरच्या मांडवात करायचं ठरलं होतं.

दिवाळीनंतर गोदूबाईचा आवाज बसला. आधी घरगुती उपाय झाले, मग औषधं झाली आणि मग तपासणीत घशातला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी तिच्या मुलाला, म्हणजे कोमलच्या वडिलांना, भगवानला, स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. मे महिन्यापर्यंत थांबणं शक्य नाही. भगवान घरी येऊन माझ्यासमोर पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. गोदूबाई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "कोमलच्या लग्नात धवला कोन गाएल?"

कोमलने फोनवर हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, "लगीन आधी, ऑपरेशन मागून. आजीच्या गल्याबिगर मना लगीन नको." तिकडे तिने आणि निनादने एक छोटा हॉल घेतला, चार मित्र गोळा केले, पूजा सांगणारा एक भारतीय गृहस्थ शोधला. इतक्या घाईत भगवानला व्हिसा मिळणं अशक्यच होतं. म्हणून तिकडे वधूवर, इकडे सुकापुरात मांडव आणि मधे व्हिडिओ कॉल. शनिवारी लग्न आणि सोमवारी ऑपरेशन.

डॉक्टर म्हणाले होते, आवाज जपा. गोदूबाईने ते उपवासासारखं पाळलं. बोलणं बंद म्हणजे बंद. टाळी वाजवून भामाला बोलवायची, डोळे मोठे करून भगवानला रागवायची. माझ्याशी तर ती हातवाऱ्यांनीसुद्धा भांडली. पहाटेची हाक बंद झाली आणि मला झोप लागेना, हे कबूल करायला माझी ना नाही.

आणि शनिवारी सकाळी, गटाराचं खोदकाम करताना, जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली.

भगवान धावत वर आला. "ताई, केबल तोरली त्या जेसीबीवाल्यानी! खाली मोबाइलला तं एक दांडी पन येत नाय. तुमच्याकडं ती नेटची डबी हाय ना?"

ती डबी म्हणजे माझा खिशातला राउटर. आत सिमकार्ड घालायचं, चालू करायचं, की आसपासच्या फोनांना तिच्यातून वायफाय मिळतं. मी घरून काम करते, तेव्हा ती माझी रोजची भाकरी. पण तिच्यातल्या ऑफिसच्या सिमवर व्हिडिओ कॉल बंद केलेले होते. भगवानने नाक्यावरून नवं सिम आणलं. ते घातलं, तर डबीचा दिवा लालच. मी फोनवर तिचं सेटिंगचं पान उघडलं, नव्या कंपनीचं नाव-गाव भरलं, डबी बंद करून चालू केली. लाल. पुन्हा भरलं. लाल. ओट्यावर नेली, खिडकीत ठेवली, तरी लाल. इमारतींच्या मधोमध ते ठेंगणं घर म्हणजे विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं. शेवटी मी स्टुलावर चढले आणि मांडवाच्या बांबूला, आंब्याच्या डहाळ्यांमध्ये, नाडीने डबी बांधली. दिवा एकदाचा हिरवा झाला. मी खाली उतरले तर गोदूबाई हळदकुंकवाची वाटी घेऊन उभी होती. तिने स्टुलावर चढून डबीला बोट लावलं आणि मग तेच बोट माझ्या कपाळाला लावलं.

"भगवानभाऊ," मी बजावलं, "हिच्यात एका वेळी दहाच फोन बसतात. तुमचा लॅपटॉप जोडलाय, तेवढाच राहू द्या."

तो जोरजोरात मान हलवून हो म्हणाला. मी साडी नेसायला वर गेले. परत येते तो काय, घराच्या भिंतीवर पेंटर रंगाचा डबा घेऊन उभा. 'शुभविवाह, कोमल व निनाद' हे त्याने सकाळीच रंगवलं होतं. त्याच्याखाली आता ठळक अक्षरांत वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहून तो फुलांची वेल काढत होता.

"अहो, हे काय केलंत?"

"मांडवात आलेला मानूस पानी इचारतो, तसा नेट पन इचारतो, ताई," भगवान म्हणाला. "कोना कोनाला सांगू?"

मी कपाळावर हात मारला. पण त्या वेळी मांडवात पाचसहा माणसं होती आणि माझ्या रागाला हसू आलं.

कॉल वेळेवर लागला. लॅपटॉपला जोडलेल्या टीव्हीवर कोमल दिसली, पिवळी साडी, मुंडावळ्या, शेजारी भांबावलेला निनाद. मांडवात एकच गलका झाला. गोदूबाईने पडद्यावर दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तोवर मांडव भरला होता. मावश्या, आत्या, चुलते, शेजारचे बिऱ्हाडकरू सगळे आले. निनादने नातेवाइकांसाठी कॉलची लिंक पाठवली होती. मग काय, जो तो भिंतीकडे बघून पासवर्ड टाकू लागला. टीव्ही लांब होता आणि प्रत्येकाला कोमल जवळून बघायची होती. गाणी नाहीत, सिनेमा नाही, एकाच पोरीचं लग्न माणसं आपापल्या फोनवर डोळ्याजवळ धरून बघत होती. रागवायचं तरी कुणावर?

टीव्हीवरचं चित्र अडखळायला लागलं. कोमलचा हात वर जायचा आणि वरच राहायचा. मी भगवानला बाजूला घेतलं. "मी आत्ता पासवर्ड बदलते. सगळे बाहेर फेकले जातील, मग फक्त लॅपटॉप जोडू."

गोदूबाई मागेच उभी होती. तिने माझा दंड धरला आणि इतके दिवस जपलेल्या आवाजातला एक तुकडा माझ्यावर खर्च केला. गंजलेली कडी सरकावी तसा तो आवाज आला.

"मांडवातून कुनाला काडायचा नाय."

"मावशी, मांडवातून नाही हो, नेटवरून! नाहीतर कोमलला काही ऐकू जाणार नाही!"

तिने मान हलवली. नाही म्हणजे नाही. तिच्या लेखी दोन्ही एकच होतं. आणि तिला आणखी बोलायला लावण्याची मला भीती वाटली. तेवढ्यात तिकडचे गृहस्थ म्हणाले, "आजींना सांगा, सुरू करा."

गोदूबाई पाटावर बसली, पदर सावरला आणि टीव्हीकडे बघत तिने गायला सुरुवात केली. "हलद लागली गो, पयली देवाला..." आवाज फाटलेला होता, पण सूर जागेवर होता. मांडव एका क्षणात गप्प झाला. दुसरी ओळ झाली, बायांनी ती उचलली आणि टीव्हीवर कोमल थिजली.

ओठ जरासे उघडे, डोळे समोर, मान किंचित कललेली. कुणालाही वाटावं, पोरगी तल्लीन होऊन ऐकतेय. गोदूबाईला तसंच वाटलं. तिची नजर तशी अधूच. ती त्या चेहऱ्याकडे बघून हसली आणि पुढची ओळ आणखी जोराने म्हणाली. मला मात्र कोपऱ्यातलं ते गोल फिरणारं चिन्ह दिसत होतं. कॉल तुटला होता.

"थांबवू का आईला?" भगवान माझ्या कानात म्हणाला.

"नको," मी म्हणाले. एकदा थांबलेला तो आवाज पुन्हा उठला नाही तर? पण न थांबवावं, तर ती एका चित्रासमोर आपला शेवटचा आवाज ओतत होती. काय करावं ते मला खरंच कळेना.

मी सेटिंगचं पान उघडायला गेले, तर माझाच फोन डबीने आत घेतला नाही. जागा भरली होती. लॅपटॉप जरा सुटला, तेवढ्यात त्याच्या जागी दुसराच कुणी बसला होता. मी स्टुलावर चढून डबी बंद केली, चालू केली. दिवा हिरवा झाला आणि आसपासच्या फोनांनी पासवर्ड लक्षात ठेवलेला असल्यामुळे ते पटापट आत शिरले. लॅपटॉप बाहेर, मी बाहेर. खाली गोदूबाईचा धवला निम्म्यावर आला होता आणि प्रत्येक ओळीला आवाज बारीक होत चालला होता.

ओरडणार कशी? मी माणसांमधून वाकून फिरले, हात जोडले, फोनांकडे बोट दाखवून खुणा केल्या, बंद करा, बंद करा. माणसं समजूतदारपणे हसली आणि त्यांनी फोनचे आवाज बंद केले. एका काकांनी तर अंगठा वर करून 'झालं' अशी खूण केली. मला तिथेच बसून हंबरडा फोडावासा वाटला.

भामा बायांच्या रांगेत होती, गोदूबाईची ओळ उचलणारी पहिली. तिने एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे. ती गाता गाता उठली, हळदीचं सूप उचललं, त्यातले सुपारी-तांदूळ बाजूच्या पाटावर ओतले आणि मला जवळ ओढून कुजबुजली, "तुजी डबी कवरवर पोचते?"

"गल्लीच्या तोंडापर्यंत."

मग ती सूप पुढे करून माणसांमधून निघाली. सुपाला कोण नाही म्हणणार? आहेर घालावा तसे एकेकाने आपापले फोन त्यात ठेवले. मी मागोमाग होते, राहिलेले हातातून काढून घेत होते. सूप भरलं. भामा ते डोक्यावर घेऊन मांडवातून बाहेर पडली आणि गल्लीतून नाक्याकडे पळत सुटली, साठीची बाई, अनवाणी. मांडवातला एकही माणूस उठला नाही. फोन तेवढे गेले.

मी टीव्हीसमोर येऊन उभी राहिले. गोदूबाईच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. पाठवणीची शेवटची ओळ आली. चिन्ह फिरत होतं, फिरत होतं, आणि अचानक कोमलची पापणी हलली.

"उंबऱ्याभायेर पाऊल टाक गो बाय, मांगं वलून नको बगू."

ओळ संपली. गोदूबाईने पदराने तोंड पुसलं. टीव्हीतून कोमलचा आनंदाने फुटलेला आवाज आला, "आला! आजी, तुजा आवाज आला! कवाचं सगलं बंद परलं होतं, आमी वाट बगतो. आता सुरवातीपासून म्हन!"

गोदूबाईने आधी भगवानकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. तिने पाटावर हात टेकले, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. ती स्वतःच्या गळ्यावर हात आपटायला लागली, तेव्हा भगवानने ते हात धरले. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि त्या रडण्यालाही आवाज नव्हता. कुणाच्या फोनमध्ये तो धवला शेवटपर्यंत भरून ठेवलेला असेल ही आशाही नव्हती. फोन मीच गोळा करून पाठवले होते.

कोमल बघत होती. ती नर्स, तिला कळायला वेळ लागला नाही. तिने डोळे पुसले नाहीत. निनादचा हात सोडला, मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मी म्हनते, आजी. चुकले तं तू टाली वाजव."

नवरीने स्वतःचा धवला स्वतः गायचा नसतो. बायांमध्ये कुजबूज झाली. गोदूबाईने हात वर करून ती थांबवली.

कोमलने म्हणायला सुरुवात केली. लहानपणी आजीच्या मांडीजवळ पेंगत ऐकलेलं सगळं तिच्यात होतं, जरा विस्कटलेलं. तिसऱ्या ओळीला ती चुकली. गोदूबाईने जोराने टाळी वाजवली आणि बोट हलवलं. कोमलने ओळ परत घेतली. पुन्हा एके ठिकाणी चुकली, पुन्हा टाळी. मांडवातल्या बाया तिची ओळ उचलत राहिल्या. अशी ती शेवटापर्यंत आली आणि थांबली.

"पुडची वल मी म्हननार नाय," ती म्हणाली. "ती आली, आजी. ती मना पोचली."

ती उठली. निनादचा हात धरला, आमच्याकडे पाठ केली आणि हॉलच्या दाराकडे चालू लागली. भगवानने न राहवून हाक मारली, "कोमल!" मांडवातून आणखी हाका गेल्या. कॅमेरा धरणाऱ्या मित्रानेही तिला इकडे बघायला सांगितलं. ती वळली नाही. दाराच्या उंबऱ्यावर तिचे खांदे हलताना आम्हाला दिसले, पण ती वळली नाही.

गोदूबाई तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने माझा हात आपल्या गळ्यावर नेऊन ठेवला आणि ओठांनी ती शेवटची ओळ एकदा म्हटली. माझ्या बोटांना काहीसुद्धा लागलं नाही.