तीन सुतांचा फरक

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ : जालना रोडवरचं व्यायामाच्या साधनांचं दुकान, पहिला मजला. उपस्थित : मी; माझे यजमान सुधाकर; दुकानातला विक्रेता, ज्याचं नाव लिहून घ्यायचं राहिलं; आणि नासिरभाई, शहागंजातले सायकल मिस्त्री. अंगात धुतलेला पांढरा कुडता, हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. काम : घरात बसून चालवायची स्मार्ट सायकल निवडणे. माझ्या यादीत एकोणीस मुद्दे होते. विसावा मी कागदावर लिहिला नव्हता. तो फक्त नासिरभाईंना सांगायचा होता.

आधी त्या डब्याबद्दल. नासिरभाई टेप वापरत नसत. गिऱ्हाइकाला सायकल बसवून द्यायची म्हणजे पहिल्यांदा दोरा, गोधडी शिवायचा जाड पांढरा. एक टोक टाचेखाली दाबायचं, दुसरीकडे कमरेच्या हाडापाशी आपणच चिमटीत धरायचं. बाई असली की ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहत आणि विचारत, "धरलं का, ताई? हाडावर धरा हं, कपड्यावर नको." मग चिमटीच्या जागी गाठ मारायची. हाताच्या लांबीची दुसरी गाठ. दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळून, वर नाव लिहून तो डब्यात जाई. दहा वर्षांनी माणूस परत आला तरी ते आधी डबा उघडत. "आदमी आपली उंची वाढवून सांगतो," ते म्हणायचे. "दोऱ्याला कायको लाज?"

आठ वर्षं मी त्यांची गिऱ्हाईक होते. चिकलठाण्याच्या एका कारखान्याचं स्टोअर मी सांभाळते आणि गारखेड्यातून तिथे रोज सायकलने जात असे. माझ्या याद्यांची त्यांना गंमत वाटे. "ताई, तुमची यादी लई कडक. पन यादीत खिळा लिहिलेला नस्तो, आन् पंक्चर तर खिळ्यानंच होतं." स्वतः पुठ्ठ्यांवरच्या नावांपलीकडे कधी काही लिहून ठेवत नसत. दुकानात शंभरेक सायकली असतील. कुठल्या सायकलचा कुठला नट ढिला आहे ते त्यांच्या बोटांना माहीत असे.

डिसेंबरात त्यांनी माझ्या सायकलला नवे ब्रेक-रबर बसवले. दुसऱ्याच दिवशी मुकुंदवाडीजवळ मी पडले. डाव्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात सुधाकरांनी विचारलं, "झालं काय?" मी म्हणाले, "ब्रेक लागला नाही."

ते खोटं होतं. माझा डावा हात हँडलवर नव्हताच. तो कुडत्याच्या खिशातून दिवसाची यादी काढत होता. समोरची रिक्षा थांबली, मी एकट्या उजव्या हाताने ब्रेक आवळला, पुढचं चाक जागीच धरलं गेलं आणि मी हँडलवरून पलीकडे गेले. ब्रेक लागला होता. चांगलाच लागला होता. पण त्याच सकाळी निघताना सुधाकर म्हणाले होते, "त्या यादीपायी एक दिवस पडशील." आणि मला ते खरं ठरू द्यायचं नव्हतं.

सुधाकरांनी मोडकी सायकल टेम्पोत घालून शहागंजला नेली आणि नासिरभाईंच्या दुकानासमोर उभी केली. "काल ब्रेक बसवले होते ना तुम्ही? लागले नाहीत. बायको दवाखान्यात आहे." दवाखान्यात परत येऊन त्यांनी मला हे सांगितलं. मी विचारलं, "मग ते काय म्हणाले?" "दोन बोटांनी ब्रेक दाबून बघत राहिला."

फेब्रुवारीत डॉक्टरांनी पाय चालवायला परवानगी दिली, पण रस्त्यावर नाही. घरात, ठरवून दिलेल्या जोरानेच. आणि दोन्ही पायांचा जोर वेगवेगळा दिसला पाहिजे. साधी व्यायामाची सायकल तो दाखवत नाही. आपली सायकल स्टँडवर चढवावी तर ती मोडून शहागंजात पडलेली. म्हणून स्मार्ट सायकल. मी नासिरभाईंना फोन केला आणि दुकानात याल का विचारलं. पलीकडून प्रश्न आला, "मी? मी येऊ?"

"तुम्हीच या. माप कोण घेणार?"

सुधाकर चिडले. "अजून त्यालाच?" मी म्हणाले, मापापुरते. मनाशी ठरवलं होतं की दुकानाच्या जिन्यातच त्यांना सांगून टाकायचं. पण जिन्यात सुधाकर बरोबर होते.

दोन सायकली पाहायच्या होत्या. पहिली काळीभोर, समोर मोठा स्क्रीन. "मॅडम, स्क्रीनवर चढ आला की ही पुढून वर उठते," विक्रेता म्हणाला. "घाट चढताय असं वाटतं." सुधाकर लगेच बसून बघायला लागले. उतरताना म्हणाले, "मुख्य म्हणजे हिला ब्रेकचं काही कामच नाही. कुणी नीट बसवला, नाही बसवला, प्रश्न मिटला."

नासिरभाईंनी डब्याचं झाकण अंगठ्याने घट्ट दाबलं. मी यादीतला सातवा मुद्दा वाचला : आवाज किती होतो, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल का.

विक्रेता उत्तर देत असताना नासिरभाईंनी डबा उघडला. माझ्या नावाचा पुठ्ठा काढला, जुना दोरा मोकळा केला आणि शेजारी नवा ठेवला. "ताई, परत मापू. दोन्ही पाय येगळे." ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी आधी उजव्या टाचेखाली दोरा धरला, मग डाव्या. गाठी झाल्यावर त्यांनी दोरा सरळ ताणला आणि दोन गाठींमध्ये करंगळीचं नख ठेवलं.

"तीन सूत."

इंचाचे आठ भाग केले तर त्यातले तीन, तेवढा डावा पाय आखूड. डॉक्टरांनी मला "थोडा फरक राहील" असं सांगितलं होतं आणि मीही वहीत "थोडा" एवढंच लिहिलं होतं. स्टोअरमध्ये कुणी "थोडे स्क्रू आले" असं लिहिलं तर मी कागद परत पाठवते. इथे मी आकडा विचारला नव्हता, कारण तो ऐकायची भीती होती.

"साहेब," नासिरभाई विक्रेत्याला म्हणाले, "हिचा क्रँक छोटा-मोठा होतो का?"

"क्रँक?"

"पायडल ज्याला लावलाय तो दांडा."

पहिल्या सायकलचा होत नव्हता. दुसरी बुटकी, करड्या रंगाची होती, कोपऱ्यात ठेवलेली. नासिरभाई तिच्यापाशी उकिडवे बसले. गुडघा वाजला तसे "या अल्ला" म्हणाले आणि दांड्यावरची भोकं बोटाने मोजली. पाच होती. कुठल्याही भोकात पायडल बसत होता, म्हणजे आखूड पायासाठी तो आत घेता येत होता. "ही घ्या, ताई."

"अहो, पण ही वर उठत नाही," सुधाकर म्हणाले. "चढाचं काय?"

"चढ पायाला कळतो, भाईसाब. मशीन उठलं काय, बसलं काय. त्या काळीवर बसल्या तर डावा पाय रोज तीन सूत खेचायचा. चार महिन्यांत ताईंची कंबर जाईल. मग उचला मशीन आन् घाला माळ्यावर."

"आणि बिघडली तर?" हा माझा अकरावा मुद्दा होता. विक्रेता म्हणाला, कंपनीचा माणूस पुण्याहून येतो.

"मला ही उघडता यायची नाय," नासिरभाई म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. "जे उघडत नाय ते माझ्या हातचं नाय. पन पायडल तर उघडतो. तेवढं मी करतो."

त्या करड्या सायकलला हँडलवर दोन ब्रेक होते. नासिरभाईंनी एक दाबला. "हे काय करतं?" विक्रेता हसला. "तो नावाचाच आहे, चाचा. स्क्रीनवर उतार आला की हा दाबून वेग कमी करता येतो, बस."

"ताई, बसा. चालवा हळू. आता दाबा. दोन्ही हातांनी." मी दाबले. ते मान वाकवून माझ्या बोटांकडे बघत होते. "लागतो?"

"लागतो."

"बरोबर लागतो ना? पक्कं?"

"एकदम बरोबर," मी म्हणाले. एका वाक्याचं काम होतं. सुधाकर चार हातांवर उभे होते. विक्रेत्याने फॉर्म पुढे केला आणि मी पत्ता लिहायला घेतला.

सायकल घरी आली त्या दिवशी नासिरभाईंनी येऊन डावा पायडल आतल्या भोकात बसवला, सीट दोऱ्यावर जुळवली, चहा घेतला नाही आणि गेले. स्क्रीनवर पहिल्या दिवशी डाव्या पायाचा जोर शंभरात अडतीस दिसला. दर शनिवारी त्यांचा फोन येई. "डावा किती?" एक्केचाळीस. "वा. जोर नका करू, आपसूक येतो." चव्वेचाळीस. "रस्त्यावर मांजर बी एवढी जपून नाय चालत. चालू द्या." दुसरं काही त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी एक तारीख ठरवल्यासारखं ठरवलं होतं : डावा पाय पन्नासवर आला की स्वतः शहागंजला जायचं आणि सांगायचं. त्या पन्नासाचा नासिरभाईंशी काय संबंध, हे आता मलाही सांगता येत नाही. शनिवारी आकडा सांगून फोन ठेवला की हायसं वाटे.

दसऱ्याच्या आधी, अठ्ठेचाळीसवर असताना, एका शनिवारी फोन आला नाही. सोमवारी कळलं. दुकानातच छातीत दुखलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात माझा डावा पाय पन्नासवर आला. मी स्क्रीन बंद केला आणि तशीच सीटवर बसून राहिले.

मग नासिरभाईंच्या बायकोचा, रजियाभाभींचा फोन आला. दुकान रिकामं करताहेत, माझी सायकल घेऊन जा. सुधाकर आणि मी टेम्पो घेऊन गेलो. सायकल भिंतीच्या हुकाला टांगलेली होती. पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ केलेला, चाकं नवी, साखळीला तेल. फक्त ब्रेक-रबर तेच, डिसेंबरातलं. सुधाकर बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होते. रजियाभाभींनी माझ्या हातात पुठ्ठा दिला, त्याला जुना आणि नवा असे दोन्ही दोरे गुंडाळलेले.

"ही सायकल लई छळायची त्यांना," त्या म्हणाल्या. "सकाळी शटर वर केलं का पहिले हिचा ब्रेक दाबायचे. गिऱ्हाईक उभं असलं तरी. मी म्हटलं, कायको रोज रोज? तर म्हणायचे, लागतोय की. आज बी लागतोय. मग त्या दिवशी कायको नाय लागला?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "ताई, तुम्हाला तरी कळलं का, काय झालं होतं?"

बाहेरून सुधाकरांनी हाक मारली. मी म्हणाले, "रविवारी येते, भाभी. निवांत सांगते."

"या," त्या म्हणाल्या. "मी घरीच अस्ते."

तेव्हापासून चार रविवार गेले. वहीच्या प्रत्येक पानावरची बाकी कामं झाली, त्यांच्यापुढे खुणा आहेत. रजियाभाभींची ओळ मात्र मी दर सोमवारी नव्या पानावर उतरवते. आज सोमवार आहे. पहिलीच ओळ : रजियाभाभी, शहागंज. सुधाकरांना बरोबर नेणे. दोघांच्या समोर सांगणे.